सातव्या टेबलावरची गोणी

माझ्या हस्ताक्षरातील सर्वांत अधिक वाचला गेलेला मजकूर कोणत्याही शाळेच्या फळ्यावर नव्हता. तो वणीला चंद्रपूर रस्त्यावरील एका परमिट रूमच्या दारावर होता. पांढऱ्या पत्र्यावर काळ्या रंगाने, शिरोरेखा सरळ राखून, मी लिहिले होते : ‘येथे कॅमेरे आहेत. आपले येणे, बसणे व जाणे दिसते आणि काही दिवस साठवले जाते. आपले बोलणे साठवले जात नाही.’ एवढ्या तीन वाक्यांसाठी मला पाच मसुदे करावे लागले. मसुदे तपासणारा तिचा मालक सातवीपर्यंत शिकलेला होता, आणि माझा अनुभव असा की पदवीधराचे समाधान करणे त्या मानाने सोपे असते.

त्यांना सगळे वणी ‘कारभारी’ म्हणत असे. ते मूळचे पुसदकडील एका तांड्यातले. तांड्यात नायकाच्या खालोखाल कारभाऱ्याचा मान असतो आणि तो त्यांच्या घराण्यात चालत आला होता. त्यांचे पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरत. त्या फिरत्या वाहतुकीला त्यांच्या बोलीत ‘लदेणी’ म्हणतात. बैल गेले, लदेणी संपली. परंतु आजोबांनी दिलेला तिचा एक नियम कारभाऱ्यांनी सांभाळला होता : दुसऱ्याची गोणी वाहायची, उघडायची नाही. वाचकांनी हा नियम ध्यानात ठेवावा. पुढे तो माझ्या नोकरीच्या आड येणार आहे.

मी त्या वेळी एका खाजगी शाळेत शिक्षणसेवक होतो. तीन वर्षे मानधनावर काम केल्यानंतर शिक्षण संस्थेने ठराव केला म्हणजे मनुष्य कायम होतो. माझे तिसरे वर्ष चालू होते. मी एकटा राहत असे आणि दोन्ही वेळा कारभाऱ्यांकडे जेवत असे. पुढच्या बाजूला कुटुंबांसाठी जेवणाची खोली होती, मागे परमिट रूम होती आणि दोहोंच्या मध्ये एक जाड पडदा होता. मी पडद्याच्या अलीकडचा ग्राहक होतो, हे येथे स्पष्ट केलेले बरे.

आता पाटीविषयी. कॅमेरे बसवणाऱ्याने त्यांच्याबरोबर एक तयार पाटी दिली होती : ‘सावधान! आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात.’ ती लागली आणि आठवड्याच्या आत एका ट्रकचालकाचा ग्लास हातातल्या हातात तडकला, स्वयंपाकी चाचांचा रस्सा दोनदा करपला आणि चौथ्या टेबलावरच्या नेहमीच्या गिऱ्हाइकाचे पोट बिघडले. सगळ्यांचा निष्कर्ष एकच : नजर लागली. एक कंत्राटदार कानामागे काजळाचा ठिपका लावून बिअर प्यायला येऊ लागला. कोणीतरी तर कॅमेऱ्यालाच लिंबू-मिरची बांधली. ती तीन दिवस कोणाच्या लक्षात आली नाही. त्या तीन दिवसांच्या चित्रणात एक लिंबू तेवढे झोके घेत असलेले दिसते.

कारभाऱ्यांनी मला बोलावले. “गुर्जी, ह्या पाटीतली ‘नजर’ काढा. लोकं जेवाले येतात, दृष्ट लावून घ्याले नाही येत.”

मी ‘निगराणी’ हा शब्द सुचवला.

“निगराणी ढोरायची करतात.”

“मग ‘चित्रीकरण’?”

“हे वाचून समदे कंगवा मागतीन.”

शेवटी ‘दिसते आणि साठवले जाते’ यावर तडजोड झाली. तिसरे वाक्य मात्र पूर्णपणे त्यांचे. कॅमेऱ्यांना आवाज टिपण्याची सोय होती. ती त्यांनी पहिल्याच दिवशी बंद करवली होती. कारण विचारले तेव्हा म्हणाले, “प्यालेल्या माणसाचं बोलणं हे बोलणं नसते, गुर्जी. ते वाफ असते. वाफ डब्यात कोंडली तं डबा फुटते.”

कायदा ते एका वकिलाकडून शिकले. वकील रोज दुपारी जेवायला येत आणि त्यांच्याशी कारभाऱ्यांचा करार होता : एक ताट, एक कलम. वकिलांनी वांग्याची भाजी दुसऱ्यांदा मागितली की कारभारी एक उपकलम मागत. सांगितलेले सगळे मी दोनशे पानी वहीत उतरवून देत असे. भाषा वकिलांची, अक्षर माझे आणि समासातील शेरे कारभाऱ्यांचे. ‘कॅमेरा आहे हे आत येण्यापूर्वी कळले पाहिजे’ या नियमाच्या समासात त्यांनी लिहिले होते, ‘आधी सांगून पाहणे म्हणजे राखण. न सांगता पाहणे म्हणजे चोरी.’ मी ही व्याख्या पुढे अनेक वर्षे वर्गात वापरली, अर्थात तिचा उगम न सांगता.

चित्रण साठवणारा काळा डबा गल्ल्यामागच्या फळीवर, देवाच्या तसबिरीशेजारी ठेवलेला होता. परवान्याच्या अटी आणि यंत्राची क्षमता यांचा मेळ घालून त्यात तीस दिवसांचे चित्रण राहील अशी व्यवस्था केलेली होती. एकतिसाव्या दिवशी सर्वांत जुना दिवस आपोआप पुसला जाई. कारभारी रोज सकाळी देवाला उदबत्ती ओवाळत, मग तीच उदबत्ती डब्याला ओवाळत आणि म्हणत, “माल पोचला.” महिन्यापूर्वीच्या त्या दिवशी जे जे येऊन बसले, रडले, भांडले, खुर्चीवरच झोपले, त्या सर्वांची गोणी न उघडता ठिकाणी पोचली, असा त्याचा अर्थ होता. हे मला समजायला सहा महिने लागले. तोवर मी समजत होतो की ते यंत्राची पूजा करतात.

कॅमेरा कोठे नसावा याचा निकाल त्यांनी प्रात्यक्षिकाने लावला. बसवणाऱ्या माणसाने एक कॅमेरा हात धुण्याच्या बेसिनकडील बोळात, संडासाच्या दारासमोर लावला. “भांडणं तिकडंच होतात, कारभारी,” असे त्याचे म्हणणे. कारभारी बोळात गेले, दार उघडे ठेवून आत उभे राहिले आणि ओरडले, “टीव्हीवर काय दिसून राह्यलं?”

गल्ल्यापाशी आम्ही चौघे होतो. तिघांनी माना फिरवल्या. शेवटी चाचा म्हणाले, “कारभारी, तुमचा नाडा दिसून राह्यला.”

“कोन्त्या रंगाचा?”

“हिरवा.”

“काढा रे तो कॅमेरा!”

चाचांनी कारभाऱ्यांना पुढे वर्षभर ‘हिरवे कारभारी’ म्हटले. पण वहीत त्याच दिवशी नोंद झाली : ‘माणूस जिथे कपडा सोडतो तिथे कॅमेरा हा गुन्हा आहे.’ वकिलांनी ते कलम ताट न घेता दिले.

दुसरा प्रसंग एका वेटरचा. चाळिशीचा, दोन मुलांचा बाप असलेला हा गृहस्थ. एका जाडजूड वाहतूकदाराची खुर्ची मोडून तो जमिनीवर बसता झाला, ते दृश्य या वेटरने टीव्हीच्या पडद्यावरून आपल्या मोबाइलमध्ये घेतले आणि मित्रांच्या गटावर टाकणार इतक्यात कारभाऱ्यांनी पाहिले. तांड्यात भांडणतंटा मिटवायला नायकापुढे बैठक बसते, तिला ‘नसाब’ म्हणतात. कारभाऱ्यांनी स्वयंपाकघरात नसाब भरवली. मध्यभागी तीच मोडकी खुर्ची.

“बस.”

“कारभारी, पडतो न मी.”

“पडासाठीच सांगून राह्यलो. बस.”

तो बसला आणि अपेक्षेप्रमाणे पडला. कारभाऱ्यांनी त्याच्याच मोबाइलवर त्याचे पडणे टिपले आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. “आता दोन्ही टाक गटावर. पयले तुह्यं, मंग त्याचं.”

वेटरने दोन्ही पुसली. शिक्षेची ही पद्धत शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात बसणारी नाही, पण परिणाम पाहता मला तिच्याविरुद्ध लिहवत नाही.

ते दिवस नदीपलीकडच्या जिल्ह्यात दारूबंदी असण्याचे होते. वर्धा नदीचा पूल ओलांडला की वणी. त्यामुळे परमिट रूममध्ये अशी पुष्कळ माणसे येत ज्यांना दिसण्याची इच्छा नसे. अलीकडचीही काही येत, ज्यांना पलीकडच्यांनी पाहू नये असे वाटे. कारभाऱ्यांना या सर्वांविषयी सारखीच माया होती. कोणी म्हणे, आमचा माणूस इथे आला होता काय ते टीव्हीवर दाखवा. कारभारी चहा मागवत आणि चहाबरोबर कोरा कागद ठेवत. “लिवा. कोन पाह्यजे, काहून पाह्यजे, अन् पाहणारे तुमी कोन.” तिसऱ्या प्रश्नापाशी बहुतेकांचा चहा संपे.

परमिट रूमच्या मागच्या भिंतीवर एका मद्य कंपनीने भेट दिलेला मोठा आरसा होता. त्याच्याकडे बोट दाखवून कारभारी मला म्हणत, “गुर्जी, कॅमेऱ्यानं ह्याच्यापासून शिकावं. समदं पाहते, ठेवत काई नाही.”

आता मुख्य घटना.

त्या वर्षी मार्चमध्ये पुढच्या खोलीचे छत गळू लागले म्हणून तिची दुरुस्ती निघाली. आठ दिवस ती खोली बंद होती. कारभाऱ्यांनी माझे ताट पडद्यापलीकडे, परमिट रूममध्ये, सहाव्या टेबलावर लावले. मी आक्षेप घेतला. ते म्हणाले, “बसल्यानं कोनी पीत नसते, गुर्जी. नाई तं हे टेबल-खुर्च्या समदे बेवडे झाले असते.” तर्क बिनचूक होता. मी आठ दिवस तेथे भिंतीकडे तोंड करून पाटवडी-रस्सा आणि भाकरी जेवलो, आणि जेवणानंतर मठ्ठा प्यालो. स्टीलचे ग्लास पुढच्या खोलीत अडकले होते, म्हणून चाचा मठ्ठा बिअरच्या मगमधून पाठवत. हा तपशील मला त्या वेळी गौण वाटला.

एप्रिलमध्ये संस्थेच्या सचिवांनी मला बोलावले. ते कायम करडे जाकीट घालत, कडक शिस्तीचे म्हणून प्रसिद्ध होते आणि व्यसनमुक्तीवर त्यांची भाषणे होत. म्हणाले, “तुम्ही बारमध्ये बसून फेसाळते मग रिचवता, असे मला समजले आहे. शनिवारच्या बैठकीत तुम्हाला कायम करण्याचा ठराव आहे. मी तो मांडू की मागे घेऊ?”

मी म्हणालो, “सर, तो मठ्ठा होता.”

ते हसले. त्या हास्याचे वर्णन मी करत नाही.

मी धावत कारभाऱ्यांकडे गेलो. हिशेब केला तर त्या आठांतल्या पहिल्या दिवसापासून सव्विसावा दिवस होता. पाच दिवसांनी माझे निर्दोषत्व आपोआप पुसले जाऊ लागणार होते. “कारभारी, चित्रण दाखवा. सचिवांना बोलावतो. माझी नोकरी जाते आहे.”

कारभाऱ्यांचा चेहरा उतरला, पण मान हलली ती आडवीच. “गुर्जी, तुमच्या आजूबाजूले दुसरे लोकं बसले आहेत ना. त्यायची गोणी तुमच्यासाठी कशी सोडू मी?”

मी रागावून म्हणालो, “नियम माणसांसाठी असतात.”

“हाव. तेच सांगून राह्यलो. तेही माणसंच होत.”

मी त्या दिवशी न जेवता परत गेलो. तीन वर्षे मी त्यांच्या वहीत नियम लिहिले होते आणि त्यांपैकी एकही माझ्याविरुद्ध जाईल असे मला वाटले नव्हते. कायद्याविषयी बहुतेकांची समजूत अशीच असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरोप आला : साहेबांना घेऊन या. वकिलांनी दोन ताटे जेवून मार्ग काढला होता. माणूस स्वतःचे चित्र पाहायला मागू शकतो, इतरांचे झाकून. मी रीतसर अर्ज लिहिला, कारण लिहिले, ‘सोबत पाहणारे’ म्हणून सचिवांचे नाव लिहिले.

सचिव आले. दारातल्या पाटीपाशी थांबून त्यांनी ती पूर्ण वाचली आणि म्हणाले, “असल्या जागेत मी आयुष्यात प्रथमच पाऊल ठेवतो आहे.” मग हात धुऊन येतो म्हणाले आणि कोणालाही न विचारता पडद्यामागून, चौथ्या टेबलाला वळसा घालून, बोळातल्या बेसिनकडे गेले. त्या बेसिनला पाटी नव्हती. नवी माणसे ते नेहमी स्वयंपाकघरात शोधत. मी कारभाऱ्यांकडे पाहिले. कारभारी छताकडे पाहत होते.

गल्ल्यामागचा टीव्ही वर्तमानपत्राने झाकलेला होता. कारभाऱ्यांनी संपूर्ण पडद्यावर चिकटपट्टीने पेपर लावला होता आणि टेबल क्रमांक सहाच्या जागी, पोस्टाच्या पाकिटाएवढी, एक खिडकी कापली होती. कॅमेरा जागचा हलत नाही आणि टेबलही हलत नाही, तेव्हा ही युक्ती शास्त्रशुद्ध होती. समोर कूलर घरघरत होता.

चित्रण सुरू झाले. खिडकीत मी होतो, पाठमोरा. मी जेवत होतो. स्वतःला पाठीमागून जेवताना पाहणे हा फार नम्र करणारा अनुभव आहे. मग तो बिअरचा मग आला. पांढऱ्या फेसाने भरलेला. मी तो उचलला, बराच वेळ उचललेलाच ठेवला, आणि खाली ठेवून मिशी पुसली.

“ही बिअर आहे,” सचिव म्हणाले.

आपण मठ्ठा इतक्या आवडीने पितो हे मला ठाऊक नव्हते.

“थांबा साहेब,” कारभारी म्हणाले. “आता पाहा.”

खिडकीत चाचांचा हात आला. त्या हाताने मगवर हिरवे काहीतरी भुरभुरले आणि तो मागे गेला.

“साहेब, बिअरमंदी सांबार कोन टाकते?”

आमच्या भागात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. सचिवांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. ‘सांबार’ ते मनातल्या मनात दोनदा म्हणाले असावेत. ओठ तसे हलले. पण कडक माणसाला इतक्या लवकर मान्य करता येत नाही. ते म्हणाले, “हा एक दिवस झाला. दुसऱ्या दिवशीचे दाखवा.”

“कोन्त्या? बुधवारचा लावू?”

सचिवांनी चष्मा काढून पुन्हा घातला. “बुधवारच का?”

“आठातला कोन्ताही सांगा. बुधवारीही गुर्जी सहाव्या टेबलावरच होते.” कारभाऱ्यांनी रिमोट दाबला. “बाजूचं सातवं टेबल पेपराखाली आहे. तुमी फिकर नका करू.”

त्याच वेळी कूलरची झुळूक पेपराखाली शिरली. डाव्या बाजूची चिकटपट्टी सुटली, पेपर फडफडला आणि खिडकीच्या शेजारचा पडदा उघडा पडू लागला. सातव्या टेबलाचा एक पाय दिसला. मग खुर्ची. मग खुर्चीच्या पाठीवर टाकलेले एक करड्या रंगाचे जाकीट.

सचिव उठले. मी त्यांना इतक्या चपळाईने हलताना क्रीडासंमेलनातही पाहिले नव्हते. त्यांनी दोन्ही तळव्यांनी पेपर टीव्हीवर दाबून धरला आणि जन्मभराची शुद्ध भाषा सोडून ओरडले, “राहू द्या ना बाप्पा! बंद करा! दुसऱ्याचं कायले पाह्यचं आपण?”

कारभाऱ्यांनी सावकाश टीव्ही बंद केला.

“पाहा गुर्जी,” ते अत्यंत आदराने म्हणाले, “आपल्याले वही भरा लागली. साहेबाले कायदा दोन मिन्टात समजला.”

चित्रण कोणी पाहिले याची नोंदवही असे. कारभाऱ्यांनी ती पुढे केली. ‘पाहिलेला भाग : टेबल सहा. न पाहिलेला भाग : बाकी समदा.’ सचिवांनी सही केली आणि मग, स्वतःहून, दुसऱ्या ओळीखाली एक रेघ ओढली.

शनिवारी माझा ठराव मांडला गेला आणि एकमताने संमत झाला. सचिवांनी माझ्या ‘साध्या आहारा’चा गौरवपूर्वक उल्लेख केला. पुढे ते निवृत्त होईपर्यंत आमचे संबंध उत्तम राहिले. व्यसनमुक्तीवर मात्र त्यानंतर त्यांचे भाषण झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

बुधवारचे चित्रण पुसले जाण्याचा दिवस मी मुद्दाम गाठला. सकाळी गेलो. कारभाऱ्यांनी देवाला उदबत्ती ओवाळली, डब्याला ओवाळली आणि म्हणाले, “माल पोचला.” नेहमीपेक्षा थोडे मोठ्याने, असे मला वाटले. मी विचारले, “सातव्यावर कोण होतं, कारभारी?” त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी वर्गात पानपट्टी खाल्ली होती.

आता ते तांड्यावर परतले आहेत. व्यवसाय पुतण्या पाहतो. गेल्या दिवाळीत मी भेटायला गेलो. थकले आहेत, पण चौकशी चालूच : पाटी आहे का, रंग उडाला का, पुतण्याने आवाजाचे बटण चालू तर नाही केले? निघताना त्यांनी माझा हात धरून ठेवला.

“गुर्जी, इतक्या वर्साचं एक विचारतो. सहाव्या टेबलावर तुमी भिंतीकडं तोंड करून बसत. त्या भिंतीवर तं तो आरसा होता.”

“होता.”

“मंग चौकशी चालू असतानी तुमी बोलले काहून नाही? एका शब्दात सुटले असते. काय दिसलतं तुमाले त्या आरशात?”

मी म्हणालो, “माझा चेहरा, कारभारी. दुसरं काही नाही.”

ते माझा हात सोडून हसले.

“माल पोचला,” म्हणाले.